वाईला एकच दिवस असेल तर पाचगणी सोडा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा जणांचं कुटुंब, एक गाडी, एक रविवार. आजोबांना इतिहासाचं वेड, आजींचे गुडघे दुखतात, मुलगी नववीत, मुलगा पहिलीत. बेत असा की सकाळी वाईचा ढोल्या गणपती आणि मेणवलीचा वाडा, दुपारी पाचगणीचं टेबल लँड, संध्याकाळी महाबळेश्वरला सूर्यास्त आणि रात्री घरी. हे जमेल का, आणि यात वाईला किती वेळ द्यावा?

गाडीला जमेल. आजींना जमणार नाही, आणि पहिलीतल्या मुलाला तर मुळीच नाही. पुणे ते वाई साधारण ८५ ते ९० किलोमीटर, म्हणजे सकाळी लवकर निघालात तर दोन-सव्वादोन तास. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, तिथून महाबळेश्वर आणखी एकोणीस-वीस. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून पुण्याला यायला चार तास धरा. बेरीज केली तर सात-साडेसात तास नुसते गाडीच्या सीटवर जातात. उरलेल्या वेळात पार्किंग शोधणं, रांगा आणि मुलाला बाथरूमला नेणं. कुटुंबांच्या आणि ज्येष्ठांच्या वारसा-सहली नेणं हाच माझा व्यवसाय आहे, आणि वाईला मी गट घेऊन सतत जात असतो. तीन ठिकाणं एका दिवसात बसवा असा आग्रह दर हंगामात होतो. मी तो मान्य करत नाही.

तेव्हा पाचगणी आणि महाबळेश्वर दोन्ही काढून टाका. ती मुक्कामाची गावं आहेत, वेगळे दोन दिवस काढून जा. एका दिवसाची सहल करायची तर वाई, मेणवली आणि ताकद उरली तर धोम, एवढंच. हे तिन्ही कृष्णेच्या काठावर, एकमेकांपासून आठ-नऊ किलोमीटरच्या आत आहे. घाट चढायचा नाही, कुणाला गाडी लागणार नाही.

आता दिवसाचा क्रम. वाईत चूक होते ती इथेच, कारण बहुतेक लोक नकाशात जे आधी दिसतं त्याप्रमाणे फिरतात. मी गर्दी आणि ऊन बघून क्रम लावतो. वाईतली गर्दी मुळात वाईला आलेल्या लोकांची नसते, ती वर जाणाऱ्यांची असते. पुण्या-मुंबईहून महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या साडेदहाच्या सुमाराला वाईत पोचू लागतात. जाता जाता दर्शन म्हणून सगळ्या गणपती आळीकडे वळतात, आणि दीड वाजेपर्यंत तिथे गाडी लावायची सोय राहत नाही. म्हणून पुणं सहाला सोडा. सव्वाआठला तुम्ही ढोल्या गणपतीच्या समोर उभे असाल, आणि त्या वेळी घाटावर भेटतील ते गावातलेच लोक. संकष्टीला आणि अंगारकीला मात्र हा हिशोब चालत नाही. तेवढे दिवस कॅलेंडरात बघून टाळा.

रस्त्याबद्दल एवढंच, की जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो. घाट उतरून पुढे आलात की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. इथून वाई दहा-अकरा किलोमीटर. आनेवाडीचा टोलनाका या फाट्याच्या पुढे आहे, म्हणजे तो लागला तर वळण चुकलं असं समजा. नाश्ता महामार्गावर करू नका, वाईत करा. बाथरूमला मात्र महामार्गावरच्या चांगल्या हॉटेलात थांबून घ्या, विशेषतः आजींसाठी. वाईच्या घाटांवर ही सोय नीट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ढोल्या गणपतीला आजींना फार त्रास होणार नाही. रस्त्यापासून देऊळ जवळ आहे आणि गाभाऱ्यापर्यंत मोजक्याच पायऱ्या आहेत. एकाच दगडातली ती मोठी बैठी मूर्ती आजी-आजोबा हात जोडून बघतीलच. पण मुलांना दर्शन झाल्यावर लगेच देवळाच्या मागच्या बाजूला घेऊन जा. खरी गोष्ट तिथे आहे. मागची भिंत सरळ नाही, ती माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेली आहे. देऊळ जवळजवळ नदीच्या पात्रातच बांधलंय. पावसाळ्यात पूर येतो तेव्हा पाण्याचा लोंढा सपाट भिंतीवर आदळला असता तर भिंत कधीच गेली असती. निमुळत्या टोकावर पाणी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. होडीचं पुढचं टोक पाणी कापतं ना, तसंच, फक्त इथे होडी जागेवर आहे आणि पाणी चालतं आहे. पहिलीतल्या मुलाला हे सांगायला शब्द लागत नाहीत. त्याला घाटाच्या खालच्या पायरीपाशी घट्ट धरून बसवा, एक चपटा दगड वाहत्या पाण्यात आडवा धरायला द्या, मग टोक पुढे करून धरायला सांगा. हाताला फरक कळतो.

हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ त्याआधीचं, १७५७चं, तेही रास्त्यांचंच. या दोन सनांच्या मध्ये काय झालं ते आजोबांना विचारा. नातीला ते ऐकू दे. रास्ते हे वाईचे सावकार-सरदार घराणं, आणि नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घरातल्या. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव पडला. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले आणि कोवळ्या वयातल्या माधवरावांकडे पेशवाई आली. त्याच्या दुसऱ्या वर्षी गोपिकाबाईंच्या माहेरच्या गावात, नदीच्या पात्रात, एवढं मोठं देऊळ उभं राहतं. मी यातून कुठलाही निष्कर्ष काढत नाही. पण शाळेच्या पुस्तकात पानिपत एका धड्यात संपतं. एका घराच्या बाजूने ते वर्ष बघितलं की नववीतल्या मुलीला तो धडा वेगळा वाटतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

काशीविश्वेश्वराला घाईने जाऊ नका. गणपतीला आलेले निम्मे लोक इथे येतच नाहीत, त्यामुळे आवारात शांतता असते. दीपमाळा बघा, नंदीचा काळा तुळतुळीत दगड बघा. त्याच्या गळ्यातल्या माळा आणि घंटा इतक्या बारकाईने कोरल्यात की मुलगा मोजायला बसेल. आजींना बसायला सावली आणि कट्टा दोन्ही मिळतं. तुम्ही तेवढ्या वेळात घाटावर एक चक्कर मारून या.

घाटाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण वाईत बघायचं ते हेच आणि यादीत मात्र ते कुणी लिहीत नाही. लोक देवळांची नावं लिहून आणतात, एकेक खूण करतात आणि निघतात. पण वाई हे गाव नदीच्या बाजूने वसवलेलं आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्या, आणि आळीला आपापला घाट. गणपतीच्या घाटावरून काठाने नुसतं दहा मिनिटं चाललात तरी दिसतं की घाटाच्या पायऱ्या सगळीकडे सारख्या नाहीत. मध्ये मध्ये रुंद टप्पे आहेत, जिथे बसता येतं, कपडे वाळत घालता येतात, कीर्तन होतं. पाणी जसं चढतं तसा वापराचा टप्पा वर सरकतो. उन्हाळ्यात खालच्या पायरीवर धुणं धुणाऱ्या बायका पावसाळ्यात आठ-दहा पायऱ्या वर आलेल्या असतात.

तुमची सहल माघ-फाल्गुनात, म्हणजे साधारण जानेवारीअखेर ते मार्च या काळात पडत असेल, तर कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा, उत्सव चालू आहे का ते विचारून घ्या. प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा, तारखा वेगळ्या. एका आळीचा संपला की दुसरीचा सुरू होतो. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाई तिथे मुक्कामाला येते, पूजा, कीर्तनं, गाणी, शेवटी प्रसादाचं जेवण. परंपरा अशी सांगतात की अफजलखान वाईवर आला तेव्हा शेंडे शास्त्र्यांनी संकट टळावं म्हणून कृष्णेला नवस केला आणि तो या रूपाने फेडला जातोय. खान वाईला नवखा नव्हता, आधी तो इथला सुभेदार होता. १६५९ मध्ये त्याची छावणी इथेच पडली होती, आणि इथूनच तो नोव्हेंबरमध्ये प्रतापगडाच्या पायथ्याला गेला. आजोबांना हे सगळं पाठ असणार. त्यांना एवढंच सांगा की छावणीची जागा शोधत गाडी फिरवायची नाही.

उत्सवात गेलात तर मांडवामुळे घाटाचा दगड नीट दिसत नाही, फोटो चांगले येत नाहीत. माझ्या मते तरीही तो दिवस जास्त चांगला. रिकामा घाट वर्षभर बघता येतो.

नऊ-सव्वानऊला नाश्ता. गावात मिसळ, पोहे, इडली सगळं मिळतं. कुठल्या एका हॉटेलाचं नाव मी देत नाही, कारण आचारी बदलला की चव बदलते आणि शिव्या मला बसतात. जिथे स्थानिक लोक उभ्याने चहा पितायत तिथे बसा. गर्दीचं पर्यटक-हॉटेल टाळा.

साडेनऊ ते पावणेदहाच्या दरम्यान मेणवलीला निघा, तीनच किलोमीटर आहे. गावातला रस्ता अरुंद आहे, मोठी गाडी असेल तर आधी लावा आणि शेवटचा तुकडा चाला. मेणवलीलाही उशीर करायचा नाही, त्याची कारणं दोन. घाटाचा काळा दगड अकरानंतर असा तापतो की चपला काढून देवळात जाताना मुलं नाचतात. आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाआधीचे फोटो काढणारी मंडळी इथे येतात. छत्र्या, परावर्तक, धुराच्या नळकांड्या, बदलायचे कपडे असा सगळा संसार पायऱ्यांवर मांडलेला असतो. हिंदी-मराठी सिनेमांनी हा घाट इतका दाखवलाय की मुलीला तो ओळखीचा वाटेल. तिला ओळखू द्या, त्यात काही वाईट नाही.

नाना फडणवीसांना हे गाव १७६८ मध्ये मिळालं, त्यानंतर वाडा, घाट आणि देवळं उभी राहिली. वाडा सरकारी मालमत्ता नाही, त्यांच्या वंशजांकडे आहे. आत जाता येतं का, कुठली दालनं उघडी आहेत, हे त्या दिवशी दारावरच कळतं. बंद दिसला तर रखवालदाराशी नीट बोला, हुज्जत घालू नका. आत चौकांमागून चौक आहेत, जाड भिंती, लाकडी खांब, काही ठिकाणी जुनी भित्तिचित्रं. भिंतीला हात लावू नका, पाठ टेकून फोटो तर काढूच नका, तो रंग घामाने जातो. आजींना पहिल्या चौकाच्या पुढे नेऊ नका. वाड्यांचे उंबरे उंच असतात आणि माडीचे जिने अंधारे, अरुंद, खड्या चढणीचे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढताना कसंबसं जमतं, उतरताना जीव घाबरतो. पहिल्या चौकात, जोत्यावर त्यांना बसवा आणि सोबत कुणीतरी थांबा. आळीपाळीने आत जा.

आजोबांसाठी इथे एक धागा देतो. नाना म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं, दफ्तर, कारस्थानं, बारभाई. पण सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्यावर पुण्यात जी धामधूम झाली त्यात नानांना पुणं सोडावं लागलं. ते याच भागात आले आणि इथून पुढे महाडकडे गेले. म्हणजे हा वाडा नुसतं हवापालटाचं ठिकाण नव्हता. पुण्यातलं आसन डळमळलं की मागे हटायला जागा, नदी पाठीशी, डोंगर जवळ, कोकणात उतरायची वाट हाताशी. वाड्याच्या दारात उभं राहून पश्चिमेच्या डोंगररांगेकडे बघितलं की ते पटतं.

वाड्याच्या मागे घाट आहे, अर्धचंद्रासारखा वळलेला. इथे मेणेश्वर आणि विष्णू यांची देवळं आहेत, आणि मेणेश्वरापाशी ती घंटा. मुलांना आधी काही सांगू नका. घंटेवर काय कोरलंय ते शोधायला लावा. थोड्या वेळाने मुलगी म्हणेल, की ही बाई कडेवर बाळ घेऊन आहे, ही कुठली देवी? ती मेरी आहे, आणि बाळ येशू. घंटेवर १७०७ हा सन आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा याच गोतावळ्यातल्या. चर्चची घंटा महादेवाच्या दारात दोनशे-अडीचशे वर्षं वाजते आहे आणि तिच्यावरची मेरी कुणी घासून काढली नाही. आजोबा आणि नात यावर वाद घालतील, घालू द्या. मी गटाला घंटेपाशी घाई करत नाही, कारण इतिहासाला कंटाळलेल्या पोरांचा दिवस बहुधा इथेच फिरतो. फक्त तिचा लोलक धरून जोरजोरात बडवू देऊ नका. जुना धातू आहे, आणि गावातल्या लोकांनाही दिवसभर तो आवाज ऐकावा लागतो.

आजींनी घाटाच्या सगळ्या पायऱ्या उतरायची गरज नाही. वरच्या बाजूला देवळापाशी बसून नदी पूर्ण दिसते. त्यांना पाण्याला हात लावायचाच असेल, आणि बहुतेक वेळा तसा असतोच, तर एक तांब्या सोबत ठेवा आणि तुम्ही वर पाणी आणून द्या. हे मी माझ्या प्रत्येक गटाबरोबर करतो. छोटी गोष्ट आहे, पण त्यांचं दिवसभराचं समाधान त्यात असतं.

पाण्याबद्दल एक सूचना, ती ऐकाच. नदी हिवाळ्यात शांत दिसते म्हणून मुलाला पाण्यात सोडू नका. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि पायऱ्या संपतात तिथे तळ एकदम खोल जातो. वर धोमचं धरण आहे. पावसाळ्यात तिथून पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते, अगदी ढोल्या गणपतीच्या देवळापर्यंत पाणी येतं. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवंगार असतं हे खरं, पण घाटांचा अर्धा भाग पाण्याखाली आणि उरलेला निसरडा, त्यामुळे आजी-आजोबा सोबत असताना मी तेव्हा नेत नाही. एप्रिल-मेमध्ये उलटा प्रकार. पाणी कमी, काही ठिकाणी जलपर्णी आणि सांडपाण्याचा वास, दगड तापलेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा.

मेणवलीहून साडेअकरा-बाराला परत वाईत. आता जेवण आणि विश्रांती, आणि विश्रांती म्हणजे खरोखर विश्रांती. दुपारी बारा ते साडेतीन हा वेळ मी कधीच कशाने भरत नाही. जेवण साधं मागा. साताऱ्याकडची भाकरी, झुणका, वांगं, शेंगदाण्याचा महाद्या मिळाला तर नक्की. मुलांसाठी भात-आमटी. जेवणानंतर आजी-आजोबांना तास-दीड तास आडवं व्हायला एखाद्या लॉजची खोली अर्ध्या दिवसासाठी घेता येते का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. सहा माणसांत तो खर्च फार वाटत नाही, आणि संध्याकाळ वाचते. अनेकांना ही उधळपट्टी वाटते. ज्यांनी केली त्यांनी पुढच्या सहलीला स्वतःहून विचारलंय.

तेवढ्या वेळात तुम्ही दोघं मुलीला घेऊन बाजारपेठेत एक फेरी मारा. वाईच्या भागात हळद पिकते, ती घ्या, शक्यतो पूड न घेता हळकुंडं घेऊन घरी दळा. दुकानदार ‘जीआय मिळालेली’, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, म्हणाला तर हसून सोडून द्या. नावावरून गल्लत होते ती वायगावच्या हळदीशी, तिला तो मान आहे, आणि ते गाव विदर्भात वर्धा जिल्ह्यात आहे. हिवाळ्यात स्ट्रॉबेरी रस्त्यावर मिळते. परतीच्या वाटेवर घ्या, दुपारी घेऊन गाडीत ठेवली तर संध्याकाळपर्यंत पाणी होतं.

मुलीला आणखी एक गोष्ट सांगा, रस्त्याने जाता जाता. मराठी विश्वकोश तयार होतो तो मुंबईत किंवा पुण्यात नाही, या गावात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि १९९४ मध्ये जाईपर्यंत ते हे काम बघत होते. ते लहानपणी खानदेशातून वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि वाईचेच झाले. विनोबाही काही काळ याच पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिकले. विश्वकोशाचं कार्यालय हे बघायला जायचं पर्यटनस्थळ नव्हे, रविवारी तर ते बंदच असणार. पण विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. घंटेवरून वाद झाला असेल तर त्यातली ‘वसई’ ही नोंद तिला मोबाइलवर उघडू द्या. जेवणाच्या टेबलावर बरा उपयोग होतो.

साडेतीनला सगळ्यांचा चेहरा बघून ठरवा. मंडळी ताजीतवानी असतील तर धोम. वाईपासून पश्चिमेला आठ-नऊ किलोमीटर, सरळ रस्ता. धरण बघायला बहुतेक लोक जातात, मी गावातल्या देवळासाठी जातो. तिथे नरसिंहाचं देऊळ आहे आणि महादेवाचंही. महादेवासमोर दगडी कुंड आहे, त्यात दगडाचं कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी असेल तेव्हा कासव पोहतंय असं वाटतं. सहा वर्षांच्या मुलाला दिवसभरात बघितलेल्या सगळ्या गोष्टींतून घरी गेल्यावर फक्त हे कासव आठवेल, तयारी ठेवा. इथे चढउतार कमी आहे, आजी आरामात फिरतील.

कुणी थकलेलं असेल तर धोम सोडा. रुसवेफुगवे होऊ देऊ नका, आणि ‘इतक्या लांब आलोय तर’ हे वाक्य गाडीत कुणालाच म्हणू देऊ नका. सहलीचा विचका याच वाक्याने होतो. त्याऐवजी पाचच्या सुमाराला पुन्हा गंगापुरीच्या किंवा गणपतीच्या घाटावर जा आणि नुसते बसा. वर जाणाऱ्या गाड्या गेलेल्या असतात, गावातले म्हातारे फिरायला येतात, मुलं क्रिकेट खेळतात. आजोबांना बोलायला माणूस हमखास मिळतो. वाईतला माणूस वाईबद्दल बोलायला बसला की आवरत नाही, तेव्हा अर्धा तास जास्त धरा.

पांडवगड, कमळगड, वैराटगड, लोहाऱ्याची लेणी, मोतीबाग, हे सगळं याच तालुक्यात आहे आणि सगळं बघण्यासारखं आहे. या सहलीत नाही. मुलगी दहावी पार पडल्यावर तिला घेऊन पांडवगडाला वेगळे या.

पसरणीच्या घाटातून दिसणारं कृष्णेचं खोरं तरी बघून येऊ का, असं तुमच्या प्रश्नाच्या शेवटी होतं. दृश्य सुरेख आहे, खाली वाई, पलीकडे धोमचं पाणी, मधून नदी. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव, तेही वाटेवर लागतं. पण रविवारी दुपारनंतर महाबळेश्वरहून उतरणाऱ्या गाड्यांची रांग घाटात लागते, आणि तुम्ही दहा मिनिटांच्या दृश्यासाठी वर गेलात की त्याच रांगेत अडकून खाली येता. शनिवारी किंवा मधल्या वारी येणार असाल तर सकाळी जाऊन या. रविवारी नको.

परतीला दोनच वेळा चांगल्या आहेत. एक तर साडेचारच्या आत वाई सोडा, किंवा मग आठनंतर, गावातच हलकं जेवून. मधल्या वेळात सगळा महाराष्ट्र सुरूर फाट्यावर येतो. साताऱ्याकडून पुण्याला येताना घाटाऐवजी खंबाटकीचा बोगदा लागतो. बोगद्यातून बाहेर पडल्यावरच्या उताराला आणि वळणांना वेग आवरा, तिथे फार अपघात झालेत. पुढे शिरवळ ते खेड शिवापूरचा टोलनाका या पट्ट्यात रविवारी संध्याकाळी गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. मुलासाठी पाणी आणि चुरमुरे हाताशी ठेवा, आजींसाठी पाठीची उशी. तुमच्या जागी मी असतो तर आठचा पर्याय घेतला असता. आणि मुंबईहून कुणी नातेवाईक याच दिवशी तुम्हाला येऊन मिळणार असतील तर त्यांना आदल्या रात्री पुण्यात मुक्कामाला बोलवा. मुंबई-वाई-मुंबई एका दिवसात करू नये, सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे एका बाजूचं.